दमेकऱ्याचे हृदय

डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. जन्म १९१७ चा, ब्रह्मदेशातला. रंगूनला डॉक्टर झाल्या. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा घरदार सोडून कोइमतूरला आल्या. युद्ध संपल्यावर लंडन, स्वीडन आणि मग अमेरिका. तिथे हेलन टॉसिग आणि पॉल डडली व्हाइट अशा दिग्गजांच्या हाताखाली हृदयरोग शिकून त्या परतल्या आणि १९५३ च्या सुमारास दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात रुजू झाल्या. त्या काळातल्या दिल्लीत त्यांना एक कोडे पडले.

वर्षानुवर्षे खोकल्याने आणि दम्याने बेजार झालेल्या बायका धाप लागते म्हणून रुग्णालयात येत. पाय सुजलेले, ओठ निळसर, मानेच्या शिरा तटतटलेल्या. फुप्फुसे तर गेलेलीच असत, पण त्यांच्या मागोमाग हृदयाची उजवी बाजूही थकलेली असे. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे हृदय असे बिघडले की त्याला डॉक्टर ‘कॉर पल्मोनाल’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांत हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार म्हणून नोंदलेला. पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी अशा १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात छापला. दिल्लीतल्या या कामातून दिसले ते असे : पुरुष रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के धूम्रपान करणारे, बायकांपैकी जेमतेम १० टक्के, आणि तरीही आजाराचे प्रमाण दोघांत जवळपास सारखे. इतकेच नव्हे, तर बायकांना तो पुरुषांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी गाठत होता. विडी त्यांच्यातल्या बहुतेकींनी ओढलेली नव्हती. फुंकणी मात्र रोज हातात होती. शेणी-लाकडांचा धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात त्यांची फुप्फुसे तरुणपणीच जुनी झाली होती.

आपल्याकडे विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, कोकणात लाकूडफाटा आणि सगळीकडे गोवऱ्या. सरपण बदलते, धूर तोच. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी होते. मच्छर अगरबत्तीचेही तसेच. बंद खोलीत एक कॉइल जळून संपते तेव्हा तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅसची शेगडी घराघरांत पोचली. पण सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते, हे खेड्यातल्या कुठल्याही घरी दिसेल.

या धुराने, तंबाखूने, खाणीतल्या किंवा गिरणीतल्या धुळीने जो आजार जडतो त्याला सीओपीडी म्हणतात. बोलीत ‘जुना दमा’. श्वासनळ्या अरुंद होतात, फुप्फुसातले नाजूक वायुकोश फाटतात, आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. भारतात १९९० साली असे रुग्ण २.८१ कोटी होते. २०१६ मध्ये ५.५३ कोटी झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ३५ लाख माणसे सीओपीडीने गेली. मात्र सीओपीडी झालेला प्रत्येक जण फुप्फुसानेच जातो असे नाही. सहा हजारांवर रुग्णांना तीन वर्षे तपासणाऱ्या ‘टॉर्च’ नावाच्या मोठ्या चाचणीत जे मृत्यू झाले, त्यांच्या कारणांची नंतर काटेकोर छाननी झाली. ३५ टक्के श्वसनाने, २७ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने. म्हणजे मरणाऱ्या चौघांमागे एकाहून अधिक जण हृदयाने गेले. यातले कितीतरी मृत्यू लांबवता येतात, पण त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळेत पोचावे लागते. आणि जुना दमेकरी तिथेच मागे पडतो, कारण त्याच्या धापेला आधीच एक मालक मिळालेला असतो. धाप वाढली की घरचे म्हणतात, दमा उठला. तो स्वतः म्हणतो, दम्याचा पंप दोनदा जास्त मारला की बरे वाटेल. डॉक्टरही कधीकधी जुनीच फाइल उघडून जुनीच औषधे वाढवतात.

हा घोळ समजण्यासाठी हृदयाची रचना जरा जवळून पाहायला हवी. हृदय एक असले तरी त्यात पंप दोन. डावा पंप डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त ढकलतो. त्याची भिंत सुमारे एक सेंटीमीटर जाड. उजवा पंप शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त पोचवतो. त्याची भिंत तीन ते पाच मिलीमीटरच. दोघांतून मिनिटाला वाहणारे रक्त मात्र सारखेच, आराम करताना सुमारे पाच लिटर. डाव्या बाजूच्या रोहिणीतला सरासरी दाब नव्वदच्या आसपास, तर फुप्फुसाच्या रोहिणीतला फक्त चौदाच्या आसपास. एवढ्या हलक्या दाबावर काम भागते, कारण निरोगी फुप्फुसातले केशवाहिन्यांचे जाळे अतिशय विस्तीर्ण आणि सैल असते. तिथे तांबड्या पेशी अक्षरशः एकेरी रांगेत सरकतात आणि क्षणभरात प्राणवायू उचलतात. रक्त फुप्फुसातून फिरून येते ही गोष्ट तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकून कैरोत वैद्यकी केलेल्या इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवली होती, विल्यम हार्वेच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी.

आता फुप्फुसाचे खरे आश्चर्य. शरीरातल्या बहुतेक अवयवांत प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त मागवतात. फुप्फुसात नेमके उलटे घडते. ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या आवळतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवतात. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवर प्रयोग करून हे स्पष्ट दाखवले. बाळ पोटात असताना याचाच उपयोग होतो. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली, प्राणवायू कमी, म्हणून तिथल्या वाहिन्या आवळलेल्या आणि रक्त दुसऱ्या वाटेने जाते. जन्मल्यावर पहिल्या श्वासाबरोबर वाहिन्या खुलतात. न्यूमोनियात फुप्फुसाचा एखादा कोपरा भरला तरी हीच युक्ती माणसाला तगवते.

पण सीओपीडीत एखादाच कोपरा नव्हे, दोन्ही फुप्फुसे जागोजाग कोंडतात. मग सगळीकडेच वाहिन्या आवळतात, त्यांच्या भिंती जाड होत जातात, काही वाहिन्या तर वायुकोशांबरोबर नाहीशाच होतात. उजव्या पंपाला तेच पाच लिटर आता अरुंद वाटांतून रेटायचे असते. तीन-चार मिलीमीटरची भिंत आधी जाड होते, मग ताणते, मग थकते. रक्त मागे तुंबते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजते, पोट जड वाटते, पायांवर सूज उतरते. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही.

या साखळीतला गुन्हेगार प्राणवायूची उणीव आहे, याचे दोन पुरावे फुप्फुसाच्या आजाराशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडले. अमेरिकेत कोलोरॅडो आणि युटाच्या उंच कुरणांवर चरायला नेलेल्या गाईंच्या मानेखाली, छातीपुढे पाणी साचून त्या मरत. १९१५ मध्ये ग्लोव्हर आणि न्यूसम यांनी याचे वर्णन केले. विरळ हवेत फुप्फुसाच्या वाहिन्या आवळून गाईंचे उजवे हृदय खचत होते. वेळेत खाली उतरवलेली गाय बरी होई. पिढ्यान्‌पिढ्या तिबेटच्या पठारावर राहिलेल्या याकला हा त्रास होत नाही. दुसरा पुरावा आपल्याच जवानांचा. हिमालयात ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर आठवडेच्या आठवडे तैनात राहिलेल्या २१ भारतीय सैनिकांना हृदय निकामी होण्याची लक्षणे दिसू लागली : धाप, अंगावर सूज, पोटात पाणी. ही सगळी तरणीताठी, निरोगी माणसे. डॉ. इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची हकिगत छापली. खाली आणल्यावर ते सुधारले. उजवे हृदय खचले तरी प्राणवायू मिळाला की ते सावरू शकते, हे यातून ठळक झाले.

दमेकऱ्याला डोंगरावरून खाली आणता येत नाही, पण डोंगराखालची हवा त्याच्या घरी नेता येते. घरी दीर्घकाळ प्राणवायू देण्याची उपचारपद्धती १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी सिद्ध केली. ब्रिटनच्या चाचणीत ८७ रुग्ण होते. दिवसाला किमान १५ तास नाकातल्या नळीने प्राणवायू घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. रक्तातला प्राणवायू सतत फार खाली असणाऱ्यांना, म्हणजे आराम करतानाही बोटावरचा ऑक्सिमीटर ८८ किंवा त्याखाली दाखवतो अशांना हा लाभ होतो. उजव्या हृदयावर ताण आल्याचे दिसले, तर डॉक्टर त्याहून थोड्या वरच्या आकड्यालाही प्राणवायू सुरू करतात. यात हृदयाची तपासणी का हवी ते उघड आहे : प्राणवायू द्यायचा की नाही हे कधीकधी टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालावर ठरते. यंत्र घरी आणले तर त्याच्याजवळ विडी, उदबत्ती, चूल काही नको. आणि आपल्याकडच्या भारनियमनाचा विचार करून एक भरलेला सिलिंडर राखून ठेवावा.

बोटावरच्या ऑक्सिमीटरचा जनक जपानचा ताकुओ आओयागी हा अभियंता. त्याने १९७४ च्या सुमारास या यंत्राचे तत्त्व मांडले. त्याचे निधन एप्रिल २०२० मध्ये झाले, नेमके त्याचे यंत्र मराठी घरांच्या देव्हाऱ्याशेजारी येऊन बसत होते त्या वर्षी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी पद्मावतीही कोरोनाने गेल्या.

फुप्फुस आणि हृदय यांची डॉक्टरी आज वेगवेगळ्या मजल्यांवर बसते, पण ती जन्माला आली एकत्र. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी थेट हृदयात सरकवली. वरिष्ठांनी मनाई केली होती. शस्त्रक्रियागृहाची परिचारिका गेर्डा डिट्सन हिने प्रयोग आपल्यावर करा म्हणून हट्ट धरला, तर या पठ्ठ्याने तिला टेबलाला बांधले आणि नळी स्वतःच्या हातात घातली. मग दोघे चालत क्ष-किरण विभागात गेले आणि नळीचे टोक उजव्या हृदयात पोचल्याचे चित्र घेतले. कौतुक सोडाच, वरिष्ठांचा रोष पदरी पडला. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही युक्ती उचलली. दोघांचे मूळ कुतूहल फुप्फुसाबद्दलचे. फुप्फुसात शिरणाऱ्या रक्तात वायू किती, हे मोजल्याशिवाय फुप्फुसाचे काम कळणार नव्हते, आणि ते रक्त मिळण्याची जागा होती उजवे हृदय. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळाले. तेव्हा फोर्समान एका छोट्या गावात मूत्ररोगांची प्रॅक्टिस करत होता. आजच्या अँजिओग्राफीची वंशावळ या फुप्फुसवाल्यांपर्यंत जाते.

इथवर झाली उजव्या हृदयाची गोष्ट. डावे हृदय जास्त घातकी ठरते. तंबाखू, धूर, वय आणि अंगात सतत धुमसणारा दाह ही चौकडी श्वासनळ्यांइतकीच हृदयाच्या रोहिण्यांनाही पोखरते. दमेकऱ्याचा दमा उठतो, म्हणजे कफ वाढतो, रंग बदलतो, धाप चढते, तेव्हा हा धोका उसळी घेतो. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरून २०१० साली दिसले की असा दमा उठून गेल्यावर पहिल्या ते पाचव्या दिवसात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सव्वादोन पटीहून अधिक होते. रुग्णालयातून सुटका झाली, कफ पातळ झाला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्याच आठवड्यात हे घडू शकते. आणि तेव्हा चित्रपटात दिसते तसा माणूस छाती धरून कोसळेलच असे नाही. दमेकऱ्यांत झटक्याचे मुख्य लक्षण पुष्कळदा छातीतली कळ नसून नुसतीच वाढलेली धाप असते. ब्रिटनमधल्या तीन लाख हृदयविकार-रुग्णांच्या २००३ ते २०१३ च्या नोंदी तपासल्या तेव्हा सीओपीडी असलेल्यांत निदानाला उशीर झालेला, बंद रोहिणी उघडण्याच्या उपचाराला उशीर झालेला आणि अँजिओग्राफीही इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. मृत्यूही जास्त. हे विलायतेतले, जिथे प्रत्येकाच्या नावे एक फॅमिली डॉक्टर ठरलेला असतो.

मग ओळखायचे कसे? दम्याची धाप आणि हृदयाची धाप यांत पक्की भिंत नाही, पण खुणा आहेत. आडवे पडले की गुदमरते आणि उशीवर उशी रचावी लागते. रात्री एक-दोन वाजता माणूस घाबराघुबरा उठून खिडकीशी बसतो. आठवड्यात दोन-तीन किलो वजन वाढते आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो : हे हृदयाकडे बोट दाखवणारे. चढण चढताना छाती आवळून येणे, कळ जबड्यात किंवा हातात जाणे, थांबल्यावर ती विरणे, हे तर उघडच. श्रम करताना चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, नाडी कधी धावते कधी अडखळते असे वाटणे, पंप नेमाने घेत असूनही महिन्या-दोन महिन्यांत चालण्याची मजल निम्म्यावर येणे, याही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत. दमेकरी माणूस अंगावर काढण्यात पटाईत असतो. तो जिना टाळतो, बाजार टाळतो, मग आंघोळीची बादलीही दुसऱ्याने भरावी अशी सोय करतो आणि डॉक्टरांना सांगतो, “तसे बरे आहे.” हालचाल कमी केल्यामुळे धाप लागत नाही, याला बरे असणे म्हणत नाहीत.

तपासण्यांतही दमेकऱ्याची गंमत वेगळी. फुगलेली फुप्फुसे हृदयापुढे पडद्यासारखी येतात. ईसीजीच्या रेघा बुटक्या दिसतात आणि हृदयाचा अक्ष उजवीकडे झुकतो. टू-डी इको करताना छातीच्या नेहमीच्या खिडकीतून काहीच दिसेना म्हणून जाणकार डॉक्टर यंत्राची मूठ बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वरच्या खोलगटात दाबून वर तिरपी धरतात. तिथून हृदय दिसते. मग पाहायचे ते उजव्या झडपेतून मागे निसटणाऱ्या रक्ताच्या पिचकारीचा वेग. वेगाचा वर्ग करून चाराने गुणायचे. सेकंदाला तीन मीटर वेग असेल तर ३६, म्हणजे उजवे हृदय आपल्या मागच्या कप्प्यापेक्षा तेवढ्या अधिक दाबाने रक्त रेटते आहे. सुई न टोचता फुप्फुसाच्या रोहिणीतल्या दाबाचा अंदाज मिळतो. अंदाजच तो, दमेकऱ्यात तो चुकतोही, आणि पुढचा मोठा निर्णय घ्यायचा असेल तर फोर्समानच्या नळीलाच शरण जावे लागते.

रक्ताची एक तपासणी इथे फार उपयोगाची : बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी. हा पदार्थ १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडला, पण त्याचा खरा कारखाना हृदयात निघाला. ताणलेले हृदय तो रक्तात सोडते. २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, धाप लागली म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांत, या तपासणीने हृदयाची धाप आणि इतर धाप बऱ्याच अचूकपणे वेगळी केली. आकडा अगदी कमी आला तर हृदय निकामी झाल्याची शंका बहुधा मिटते. वाढला तर डाव्या की उजव्या हृदयामुळे ते पुढे शोधावे लागते. दमा उठला म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येकाचा निदान ईसीजी तरी निघावाच. ही चैन नाही, पाच मिनिटांचे काम आहे.

औषधांबाबत दोन्ही बाजूंनी भीती साचलेली आहे. सर्वांत मोठी हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांची. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधले (१९८८ चे नोबेल). ते हृदयाबरोबर श्वासनळ्यांवरही परिणाम करत असल्याने दमेकऱ्याला देऊ नका, हे डॉक्टरांच्या पिढ्यांवर बिंबले. पुढे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी मुख्यतः हृदयावर काम करणारी औषधे आली, तरी भीती तशीच राहिली. २०१३ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या अभ्यासात, सीओपीडी असताना हृदयविकाराचा झटका आलेल्यांपैकी ज्यांना बीटा-ब्लॉकर मिळाले ते जास्त जगले. म्हणून हृदयाचे कारण असेल तर सीओपीडी हे ती गोळी अडवायचे कारण नव्हे. पण हृदयाचे कारण नसताना केवळ दम्याचे झटके टळावेत म्हणून मेटोप्रोलॉल देऊन पाहिले, तेव्हा २०१९ च्या चाचणीत फायदा तर झाला नाहीच, उलट गंभीर झटके वाढले. आणि अस्सल दमा, म्हणजे अस्थमा, असेल तर खबरदारी अधिक कडक. हे तोलणे हृदयाच्या आणि छातीच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून करायचे असते. आपल्याकडे ते बोलणे बहुतेक वेळा रुग्णाच्या पिशवीतल्या फाइलमार्फतच होते, म्हणून फाइल पूर्ण हवी.

उलट बाजूनेही जपावे लागते. थिओफायलिन जातीच्या गोळ्या अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू असतात. त्यांनी छातीत धडधड वाढते, ठोके बिघडू शकतात. काही प्रतिजैविकांनी रक्तातले त्यांचे प्रमाण आणखी चढते. हृदयाच्या काही तपासण्यांत दिले जाणारे अ‍ॅडिनोसीन दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकते. तिथे दुसरे औषध वापरतात. ठोके ताळ्यावर आणणारे अमिओडॅरोन फुप्फुसाला इजा करू शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या टिकॅग्रेलॉरने काहींना धाप लागते आणि दमा वाढल्याचा भास होतो. फुप्फुसातल्या रोहिणीचा दाब वाढला म्हणून सिल्डेनाफिलसारखी गोळी कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून सुरू करणे तर घातकच : ती वाहिन्यांची उपयोगी आवळणूकही मोडते आणि हवा नसलेल्या भागाकडे रक्त वळवते. चांगली बातमीही आहे. श्वासनळ्या दीर्घकाळ रुंद ठेवणाऱ्या दोन औषधांच्या पंपाने फुप्फुसाची फुगवट उतरते आणि दडपलेल्या हृदयाला भरायला जागा मिळते, हे २०१८ साली एमआरआयने मोजून दाखवले गेले. पंप नीट घेणे हा हृदयाचाही उपचार आहे.

तातडीच्या वेळी एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी. जुन्या सीओपीडीत प्राणवायू सुसाट सोडणे धोक्याचे. आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त बिनहवेच्या भागातही फिरू लागते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगतो. टास्मानियात रुग्णवाहिकेत केलेल्या आणि २०१० साली छापल्या गेलेल्या चाचणीत, सर्रास जोराचा प्राणवायू देण्याऐवजी ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ या पट्ट्यात राहील एवढाच बेताने दिल्यावर मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे : “पेशंटला जुना सीओपीडी आहे.” हे एका चिठ्ठीवर लिहून ऑक्सिमीटरच्या डबीत ठेवलेले बरे.

छातीत आवळून येणे, घाम फुटणे, विश्रांतीतही न थांबणारी नवी धाप, शुद्ध हरपणे, यांतले काहीही झाले तर पंपावर पंप मारत सकाळची वाट पाहू नये. बंद झालेली रोहिणी उघडायचा उपचार पहिल्या काही तासांत जेवढा वाचवतो तेवढा नंतर वाचवत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चोवीस तास फुकट येते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड फाइलमध्येच ठेवावे.

तातडी नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना फाइलमध्ये श्वास मोजल्याचा म्हणजे स्पायरोमेट्रीचा कागद, छातीचा फोटो, जुने ईसीजी, पंपासकट सगळ्या औषधांची यादी आणि महिनाभराचे रोजचे वजन असावे. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी घ्यावे. पंप नेमाने घेऊनही धाप वाढत चालली असेल, पायावर सूज असेल किंवा ऑक्सिमीटर वारंवार नव्वदच्या खाली जात असेल आणि टू-डी इको अजून एकदाही झाला नसेल, तर तो याच महिन्यात करून घ्या. छातीच्या डॉक्टरांनी सुचवण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.